कार्डावरचा फोटो

फोटो नणंदेचा अन् खाली नाव माझं, असं कार्ड तुमी कधी पाह्यलं काय? माझ्या पाकिटात होतं ते, सात महिने. वर शाळेचा क्रूस, मधात उज्वलाताई हसून राह्यल्या, अन् खाली छापलेलं, आईचे नाव रंभा. रंभा म्हणजे मी. आजही सांगताना तोंड लपवावं वाटते, पण सांगतेच.

आमी पवनारचे. धाम नदीच्या काठानं दोन एकर वाडी, त्यात वांगे, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. रोज सकाळच्या बसनं मी टोपले घेऊन वर्ध्याले जाते अन् रस्त्याच्या कोपऱ्यावर पोतं आंथरून बसते. तिथून दोन गल्ल्या सोडून सिस्टरांची शाळा. त्या शाळेतल्या पोरी कशा लाईनीत चालतात, कशा धुतलेल्या मोज्यात येतात, मी मेथीच्या जुड्या बांधता बांधता पाहत होती ना रोज. तेव्हाच डोक्यात बसलं, का आमच्या आचलले पहिलीत घालायचं तं इथंच.

पण तिथं लेकराआधी मायबापाले भेटीले बोलावतात. शेजारच्या धुरपताबाईच्या नातवाले नाई घेतलं, तं गावात बोंब झाली का तिच्या सुनेले इंग्रजी आलं नाई म्हणून. खरं काय ते सिस्टरले कोणी इचारलं नाई. मीही नाई इचारलं. मी आठवी शिकलेली, तेही मराठीतून, अन् तोंड उघडलं का 'मले-तुले'. मले वाटलं, माझ्या तोंडापायी पोरीची शाळा जाईल.

उज्वलाताई माझ्या ह्यांची मोठी बहीण. बी.ए. झालेली, वर्ध्यात ऑफिसात, इंग्रजी फाडफाड. मी म्हणलं, "ताई, तुमीच चाला ना माय बनून."

"येडी झाली काय वं रंभा? फसलो तं?"

मी पाय धरले त्यांचे. आमचे हे मान खाली घालून बसले होते. शेवटी गेले दोघं, सख्खे बहीणभाऊ, नवरा-बायको म्हणून! अन् मी घरी देवापुढे दिवा लावून बसली. लबाडी पार पडावी म्हणून दिवा लावणारी बाई पाह्यली नसेल तुमी कुठं.

पोरीले घेतलं. गावात पेढे वाटले मी.

आता आचलले शिकवणं आलं. लेकरू सहा वर्षांचं, पटकन बोलून जाईल, हे भेव. म्हणून जूनमधे मी तिले रोज बसवत होती, पाढे घोकावं तसं.

"शाळेत आत्याले काय म्हणायचं?"

"मम्मी."

"अन् मी कोण?"

"आई."

चापट मारली मी तिले. हाव, मारली. "मावशी! घरी काम करते! सांग, मी कोण?"

"मावशी. घरी काम करते."

"नाई सांगतलं तं काय होईल?"

"शाळेतून काढून देतील."

चार दिवसांत पाठ झालं तिचं. भल्ली हुशार माझी पोट्टी, असं मीच ह्यांले म्हणली होती.

मंग ऑटोतून येताजाता ती मले कोपऱ्यावर पाहे, पण हात हलवत नव्हती. बाकीच्या पोरी खिदळून राह्यल्या, अन् माझी आचल समोर पाहत ताठ बसलेली. मले बरं वाटे, का बाप्पा, शिकवलेलं बरोबर लक्षात ठेवते. आग लागो त्या बरं वाटण्याले.

एक दिवस घरी येऊन म्हणे, "आई, मयुरी मिस म्हणते, खोटं बोललं का येशूले वाईट वाटते."

"हे खोटं नोहे बाई. शाळेपुरतं नाव आहे फक्त."

तिनं मान हलवली. त्या दिवसापासून काही इचारलंच नाई. मीही सुटली म्हणून निवांत झाली.

पालकसभेले ताई अर्धी सुट्टी काढून जात. आचलचे मार्क त्या पाहत, मिससंग त्या बोलत, अन् संध्याकाळी फोनवर मले सांगत. माझ्या पोरीचं अक्षर सुधरलं, हे मले फोनवर समजे. कार्ड मातर माझ्यापाशी. ताईच्या पर्समधे राह्यलं तं हरपेल म्हणून मीच मागून घेतलं होतं. कधी कधी गिऱ्हाईक नसलं का काढून पाहत होती. माझं नाव वाचत होती अन् अंगठ्यानं फोटो झाकत होती.

डिसेंबर आला. नाताळासाठी शाळेच्या मैदानात येशूच्या जन्माचा गोठा बांधणं चालू होतं. तणस, म्हणजे वाळलं गवत, आमच्या वाडीतून गेली, एक पोतंभर. आचलनंच मागतली होती. तणस टाकायच्या दिवशी दहा-साडेदहाची वेळ, मी वांगे तोलून राह्यली होती, तं ऑटोवाले प्रभाकरराव धावत आले. तेवढे ओळखत होते मले, पोरगी त्यांच्याच ऑटोत जाये.

"अवो बाई, तुमची आचल ओट्यावरून पडली. हनुवटी फुटली. शाळावाले फोन करून राह्यले, कोणी उचलत नाई."

हे वाडीतल्या पाण्याच्या पंपापाशी असणार, तिथं काय ऐकू येते. अन् ताई ऑफिसच्या मिटिंगले नागपूरले गेलत्या. मी तराजू तिथंच टाकला अन् पळाली. टोपल्याकडे कोण पाहील, हेही सुचलं नाई.

फाटकावरच्या शिपायाले कार्ड दाखवलं, फोटोवर अंगठा ठेवून. त्यानं शाळेचा क्रूस पाह्यला अन् सोडलं. ऑफिसात बाकावर आचल. हनुवटीले कापसाचा गठ्ठा, फ्रॉकवर रक्त, केसात तणस. रडत नव्हती. मले पाह्यलं अन् उठायले गेली, मंग खाली बसली. तिले आठवलं, बाप्पा. रक्त वाहून राह्यलं अन् तिले पाठ केलेलं आठवलं.

मोठ्या सिस्टर केरळच्या, पण मराठी पुस्तकासारखं शुद्ध. त्यांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं. फोटो पाह्यला. माझ्याकडे पाह्यलं. "या तर तुम्ही नाही. तुम्ही कोण?"

माझ्या नखात माती, पदराले ओल्या मेथीचा वास. मी म्हणलं, "घरची... घरचीच आहे."

सिस्टर आचलपाशी वाकल्या. "बाळ, या कोण आहेत?"

आचलनं माझ्या तोंडाकडे पाह्यलं. काय सांगायचं ते माझ्या डोळ्यात शोधून राह्यली होती ती. एका दमाचा वेळ मी चूप राह्यली, अन् तेवढं तिले पुरलं.

"मावशी," ती म्हणे. "घरी काम करते."

हनुवटी हलली तसा कापूस लाल झाला.

"मग मम्मी येईपर्यंत थांबावं लागेल," सिस्टर म्हणाल्या. "टाके घालायचे आहेत. कार्डावरच्या माणसाशिवाय मूल देता येत नाही."

मम्मी नागपूरले! मी म्हणलं, "सिस्टर, मी माय आहे तिची. मीच रंभा. फोटो नणंदेचा आहे. आमी लबाडी केली. मले काय बोलायचं ते बोला, पण पोरगी द्या माझी."

"नाई!" आचल किंचाळली. आता मातर रडायले लागली. "आई नोहे ते! मावशी आहे! मले काढून नका देऊ!"

सिस्टर कार्डाकडे पाहत अन् माझ्याकडे पाहत. कार्ड म्हणते ही आई नाई, लेकरू म्हणते ही आई नाई. त्यांनी तरी काऊन मानावं माझं? मी खाली बसली, फरशीवर, अन् पोरीले जवळ घेतलं. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, तोंड माझ्या कानापाशी आणलं, अन् कुजबुजली. पण लेकराचं कुजबुजणं, साऱ्या खोलीनं ऐकलं.

"आई, मी बरोबर सांगतलं ना?"

मेल्याहून मेली मी तिथं. सिस्टरांनी तोंड खिडकीकडे केलं. दारात मयुरी मिस उभ्या होत्या, त्यांनी ओढणी तोंडाले लावली. रागावले असते तं बरं झालं असतं.

मंग सिस्टरांनी रजिस्टर समोर केलं. "इथं सही करा. दवाखाना समोरच आहे, मिस सोबत येतील." मी मराठीत सही केली, वाकडीतिकडी. कार्ड त्यांनी टेबलाच्या खणात टाकलं. "उद्या तुमचा फोटो घेऊन या," म्हणाल्या. "बोलणं मला तेव्हा करायचं आहे." मी इचारलं, "पोरीले काढाल काय?" तं त्या म्हणे, "तिनं काय केलं आहे?"

दुसऱ्या दिवशी आमी तिघंही जाऊन उभे राह्यलो. ताई रडल्या, ह्यांनी हात जोडले. सिस्टर जे बोलल्या ते बरोबरच होतं. आचलची शाळा राह्यली. नव्या कार्डावर मी आहे, भेदरलेली, डोक्यावर पदर.

हनुवटीवर चार टाके पडले होते. ते कधीचे निघाले, वण दिसते फक्त. पण त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर सुईत दोरा ओवता ओवता सहज म्हणाले होते, "काय गं, कोण आलं तुझ्यासोबत? आई का?" तं आचलनं पहिले माझ्याकडे पाह्यलं. मी मान हलवली, तेव्हा ती हाव म्हणाली.

आजही तसंच करते. बसमधे, लग्नात, कोणी इचारलं का ही तुझी कोण, तं पहिले माझ्याकडे पाहते.