दुसऱ्यांदा वापरलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. आणि मी जुनी व्हायलाच नको होते. तारे दाखवणाऱ्या दुर्बिणीशी माझे नाते नाही. मी आहे एक बारीक, मऊ नळी. माझ्या टोकाला मोहरीएवढा कॅमेरा आहे. तोंडातून आत शिरून मी माणसाची फुप्फुसे डॉक्टरांना पडद्यावर दाखवते.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. कामगार बायकांचे फक्त डोळे दिसत. त्यांच्यातल्या एकीने श्वास रोखून माझा कॅमेरा चिकटवला.

"ताई, एवढा जीव ओतायचा आणि एकदा वापरून फेकायचं?" शेजारणीने विचारले.

"अगं, हिच्या पोटातली वाट काडीएवढी. कितीही धुतली तरी आत काय राहिलं, कुणाला दिसतंय?"

इस्पितळात माझी पहिली गाठ एका आजोबांशी पडली. कफाने त्यांचा श्वास कोंडला होता. मी तो कफ ओढून काढला. "वा! चित्र कसं लख्ख आहे!" डॉक्टर म्हणाले. मी हरखून गेले. आता सुखाने कचऱ्यात जायचे, एवढेच उरले होते.

पण भांडार सांभाळणारे काका आडवे आले. माणूस वाईट नव्हता. सुतळीचा तुकडासुद्धा त्यांना टाकवत नसे.

"अहो सिस्टर, धुऊन ठेवा हिला. नवा माल कधी येईल कोण जाणे."

"काका, नियम आहे."

"उद्या कुणी गुदमरलं, तर नियम घालणार का त्याच्या घशात?"

सिस्टर मला घेऊन बेसिनकडे वळल्या. त्यांनी मला धुतले, पुसले, नव्या पिशवीत बंद केले. बाहेरून मी चकचकीत दिसत होते. आत मात्र आजोबांच्या कफाचा एक धागा चिकटून राहिला होता. मला डोळा होता, तोंड नव्हते. अंधाऱ्या कपाटात तो धागा वाळला. त्यातले जंतू मात्र मेले नाहीत.

मग एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना आणले. ऑपरेशननंतर त्यांना श्वास घेता येईना. नवरा दारात उभा होता.

"नवीन आहे ना?" डॉक्टरांनी विचारले.

सिस्टरांनी मला घेऊन आलेल्या काकांकडे पाहिले.

"स्वच्छ आहे, साहेब," काका म्हणाले.

मी आत शिरले. "चित्र असं धुरकट का?" असे पुटपुटत डॉक्टरांनी माझ्यातून पाणी सोडले. तो धागा सुटला आणि बाईंच्या फुप्फुसात उतरला. मी पाहत राहिले. बाईंचा श्वास मोकळा झाला. नवऱ्याने सर्वांना हात जोडले.

काही दिवसांतच बाईंना ताप भरला. तपासणीत आजोबांच्याच आजाराचे जंतू निघाले. डॉक्टर तडक भांडारात आले. सिस्टरांनी रडत सगळे सांगितले. काका म्हणाले, "मी वाचवायला गेलो हो, साहेब..."

ताप उतरलाच नाही. बाई गेल्या.

तेव्हापासून मी पुरावा म्हणून एका सीलबंद डब्यात पडून आहे. मित्रांनो, वस्तू नेहमी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी हात नसतानाही हात जोडून सांगते, मला जपू नका. माझ्यासारखीचे काम झाले, की तिथेच तिचे दोन तुकडे करा.

कारण त्या कपाटात माझ्याशेजारी धुतलेल्या आणखी काही जणी होत्या. चौकशीला माणसे आली, तेव्हा तो कप्पा रिकामा होता.