टाचणाबाहेरचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना कथासंग्रह आहे. भाषा इंग्रजी असली तरी सगळी हयात छत्रपती संभाजीनगरच्या एका बी.एड. महाविद्यालयात गेली. त्यामुळे साहेबी तोरा माझ्यात मुळीच नाही.

एके काळी इंग्रजीचे भावी शिक्षक माझ्यातल्या गोष्टींवरून कडाकडा भांडत. त्यांना शिकवणाऱ्या अंबिका मॅडम म्हणायच्या, "ज्याला स्वतःला गोष्टीची गोडी नाही, तो पोरांना काय गोडी लावणार?" पुढे अभ्यासक्रम बदलला. शिकवायच्या पद्धती राहिल्या, साहित्याचा तास गेला आणि मी कपाटात गेलो. वाईट वाटलं, पण पुस्तकाचं कोण ऐकतो!

यंदा मॅडमनी मला मोनिका या विद्यार्थिनीच्या हाती दिलं. ती कन्नड तालुक्यातली. एसटीत तिनं मला वाचलं आणि शेंद्र्याच्या शाळेतल्या शेवटच्या सराव पाठाला माझीच गोष्ट निवडली. या पाठावर निरीक्षक केशव सरांची सही झाली नाही, तर तिचं वर्ष वाया जाणार होतं.

सराव पाठाची एक गंमत आहे. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, एका बाजूला प्रश्न लिहायचा आणि दुसऱ्या बाजूला पोरांचं उत्तर. तेही पोरांना न विचारता! माझ्या त्या गोष्टीत, गाडी येत नाही अशा स्टेशनवर एक म्हातारा रोज घंटा वाजवतो. का? मोनिकानं लिहून ठेवलं होतं, 'ते त्याचं कर्तव्य आहे.'

पाठ सुरू झाला. तिनं अर्धी गोष्ट वाचली आणि प्रश्न विचारला.

"ही इज मॅड!" एक पोरगा ओरडला.

"नाय!" अमृता नावाची मुलगी ताडकन उठली. "ही हॅज नोबडी. घंटा वाजली की त्याला वाटतं, कोणीतरी ऐकायलंय. मॅडम, एकटं वाटणं इंग्रजीत कसं म्हणायचं?"

मोनिकानं टाचणाकडं पाहिलं, मागं बसलेल्या सरांकडं पाहिलं. तरी तिनं टाचण मिटलं आणि फळ्यावर शब्द लिहिला, 'लोन्ली'. मग वर्ग असा पेटला की मोडक्यातोडक्या इंग्रजीत जो तो भांडू लागला. तेवढ्यात तास संपला. टाचणातलं व्याकरण तसंच राहिलं.

केशव सरांनी पेनाला टोपण लावलं. "टाचणाप्रमाणं पाठ झाला नाही. उद्या पुन्हा घ्या."

मोनिकाचे डोळे भरून आले.

"व्याकरण नको," सर खुर्ची सरकवत म्हणाले. "गोष्ट अर्धी राहिली. ती संपली की सही करतो. आन् त्या पोरीला पुढं बसवा, तिचं म्हणणं मला अजून नीट ऐकायचंय."

मित्रांनो, मला जपायचं म्हणून नवं कव्हर घालू नका. उद्याच्या शिक्षकांच्या हाती मला द्या. पानं फाटली तरी चालतील, पण माझ्यावरून कुणीतरी भांडलं पाहिजे.