रंध्याचा आवाज

माघ सरत आला होता. वैनगंगेकाठच्या पर्णहीन सागवनातून पिंगट, पातळ, पारदर्शी प्रकाश गावात उतरत होता. वाळल्या पानांची सळसळ, कोरड्या वाऱ्याची कुजबूज; आणि हे सारे नाद गिळून टाकणारा एक घनगंभीर घोष वर्षानुवर्षे गावाच्या टोकाशी घुमत असे. तो डोमाजी सुताराच्या रंधा मशीनचा.

तो घोष खरा कौतिकाचा, डोमाजीच्या बायकोचा. अंगणापलीकडे कारखाना, अलीकडे चूल, मधे फक्त तो आवाज. ओबडधोबड सागफळी फिरत्या पात्यांवरून सरके, गुळगुळीत होई, आणि तो कर्कश, कणखर, कंपमान स्वर चुलीपर्यंत येऊन सांगे, सारे ठीक आहे. इतरांचे कान किटत. तिला त्यावाचून भाकरी थापता येत नसे.

त्याच आवाजाने तिला दगा दिला. गेल्या श्रावणात एका दुपारी मशीन अखंड गर्जत राहिले, ती निर्धास्त भाकरी थापत राहिली, आणि पलीकडे रक्तलांछित भुशात डोमाजी पडून होता. डाव्या हाताची दोन बोटे गेली. गिऱ्हाइकाने येऊन मशीन बंद केले तेव्हा कुठे तिला कळले. दगा दिला आवाजाने, पण भय बसले ते शांततेचे. माणसाचे मन असेच वेडे.

हात भरून आल्यावर डोमाजीने नागपूरहून नवा कटर, मशीनचा पात्यांचा फिरता रूळ, आणला. जुना, लांब पात्यांचा, खोलून काढला. त्या जागी चिमुकल्या चौकोनी पात्यांच्या सर्पिल रांगांचा, रजतकांती कटर बसवला. उरलेल्या बोटांनी एकेक स्क्रू आवळताना त्याला घाम फुटला, पण दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही.

बटण दाबले. मशीन मंद, मृदू, मधमाशीसारखे गुणगुणले.

चुलीपाशी कौतिका दचकली. शांतता. धूसर, धारदार, धास्तावणारी शांतता. पिठाच्या हातांनी ती धावत आली. डोमाजी धडधाकट उभा होता. ती परतली, पुन्हा धावली. दिवस असेच गेले. भाकऱ्या करपल्या, जीव टांगणीला लागला.

शेवटी तिने विचारलेच. "जुनं कायले काढलं जी? त्याच्या आवाजानं मले समजे तरी, काम सुरू हाये म्हून."

डोमाजीने मशीन बंद केले. अर्ध्या पंजावरचा भुसा झटकला. इतके महिने ओठांआड दाबून ठेवलेले तो बोलला.

"त्या दिवशी म्या तुले हाका मारल्या, वं. लय मारल्या. तुले आयकू नाही आल्या."

कौतिका चुलीकडे गेली.

आता ती धावत नाही. भाकरी थापता थापता मधेच तिचा हात थांबतो. पलीकडे डोमाजी सुखरूप असतो, कामात असतो, गप्प असतो. आणि त्या निर्मळ, निःस्पंद शांततेतून त्या दुपारच्या हाका येत राहतात; एकेक, उशिरा, तिच्याच नावाच्या.