सात पोशाखांची नवरी

तलेमसेन शहराची रीतच अशी, की लग्नात नवरीने सात पोशाख बदलायचे आणि दर पोशाखात बायकांसमोर उंच आसनावर नजर खाली घालून बसायचं. वहिबाला बसण्याची धास्ती नव्हती, बदलण्याची होती. तीन वर्षांपूर्वीच्या तापानंतर तिला दीर्घ थकव्याचा आजार जडला होता. दहा तास झोपूनही अंग जडच, आणि एका दिवसाची हौस आठवडाभर अंथरुणात फेडावी लागे. नवऱ्या मुलाला, रिद्वानला, सगळं ठाऊक होतं. सासूला मात्र नाही.

"यम्मा, त्यांना सांगून टाकू ना. तीनच पोशाख घालते, मध्ये वीस-वीस मिनिटं पडते."

"वेडी का खुळी तू?" आई करवादली. "झाकली मूठ सव्वा लाखाची! आज निभवून ने, उद्या झोप हवी तेवढी."

उद्या झोपून हे भरून निघत नाही, हे सांगून वहिबा थकली होती. दमायच्या आधीच विसावायचं, एवढं एकच औषध तिला लागू पडे. म्हणून ती कालपासून कुणाला न भेटता पडून होती.

दोन पोशाख पार पडले. तिसरा मखमली, वर कमरेपर्यंत मोत्यांच्या माळा आणि डोक्यावर जड मुकुट. वहिबा बसली, पापण्या खाली गेल्या, त्या खालीच राहिल्या.

"काय बाई लाजाळू!" एक म्हातारी म्हणाली. "हल्लीच्या पोरी नुसत्या टकामका बघतात."

सासूबाई झुलेखा, ज्यांना सगळ्या मानाने 'लल्ला' म्हणत, कौतुकाने जवळ वाकल्या. त्यांना घोरणं ऐकू आलं. बारीक, पण घोरणंच.

वहिबा दचकून जागी झाली. समोर सासू, मागे पांढरीफटक पडलेली आई. आता हे सासर हातचं गेलं, असंच तिला वाटलं.

"लल्ला, मी आजारी आहे," ती म्हणाली. "ही झोप माझ्या हातात नाही. कदाचित कधीच नसेल."

झुलेखाबाईंनी आधी तिच्या डोक्यावरचा मुकुट उतरवला. "अगं, आधी बोलायचंस! हलका निवडला असता." मग त्या बायकांकडे वळल्या. "नवरी दमलीय. उरलेले चार पोशाख माझ्या घरी, रोज एक, दुपारच्या कॉफीला. या सगळ्या!"

"चार दिवस कॉफी?" म्हातारीची कळी खुलली.

चौथ्या दुपारी वहिबा पोटभर झोपून, सातवा पोशाख घालून बसली. तिने मान वर करून एकेकीकडे बघून घेतलं.

"बघा, कशी टकामका बघतेय!" म्हातारी कुरकुरली. "पहिल्या दिवशी किती गुणाची होती!"