देलमारच्या धरणाचा दर्जा

माझ्या भावाला, देलमारला, कोणी नावं ठेवली तर तो हसून सोडून देतो. त्याच्या धरणाला ठेवली तर जेवत नाही. धरण म्हणजे तरी काय, आमच्या वडिलांनी बैल जुंपून घातलेला मातीचा बांध. पण आमचं सगळं भात त्या पाण्यावर. त्यामुळे सरकारी कागदावर ‘धोका: उच्च’ असं आलं, तेव्हापासून घरात त्याच्याशी बोलायची सोय उरली नव्हती.

फेरतपासणीला पोर्तो आलेग्रे शहरातून राक्वेल नावाची तरुण इंजिनिअर आली. देलमारने तिला गाडीतून धड उतरूही दिलं नाही. तांदळाच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर त्याने बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि परत आणला.

“बघा! एक ढेकूळ तरी हललं?”

“काका, बांध छान आहे,” राक्वेल म्हणाली. “बांधाबद्दल माझी तक्रारच नाही.”

“मग उच्च कसला?”

“हा दर्जा बांध कसा आहे यावर ठरत नाही. तो फुटलाच, तर खाली कोण सापडेल यावर ठरतो.” तिने बोट दाखवलं. बांधाखाली एकच घर होतं, झुल्मिराचं.

मला हसू आवरेना. झुल्मिरा विधवा, माझ्याच वयाची. बांधाखालच्या ओलीवर तिचा कोबी असा काही फोफावतो की बघत राहावं. आणि माझा भाऊ तो बघायला रोज दुपारी खाली उतरतो. दोघं एकाच तुंब्यातून, एकाच नळीने कडू शिमारांव, आमचा हिरव्या पाल्याचा चहा, पितात. तुंबा आमच्याकडे सगळ्यांतच फिरतो, त्यात काही नाही. पण दोघांतच इतकी वर्षं फिरला तर लोक लग्नाचे कपडे शिवायला टाकतात. आमचा हा मात्र तोंडातून शब्द काढेल तर शपथ.

“ते घर रिकामं झालं तर दर्जा ‘कमी’ होईल,” राक्वेल म्हणाली. “नाहीतर जादा पाणी सोडणारा सांडवा रुंद होईपर्यंत पाणी उतरवून ठेवावं लागेल.”

म्हणजे यंदा निम्मी शेतं कोरडी. मी देलमारला बाजूला घेतलं. “अरे बावळटा, देवानेच पाठवलीय ही पोरगी. आज तरी विचार! वर आमच्याकडे ये म्हणावं तिला.”

तो निघाला. मागोमाग मीही निघाले. असली संधी कोण सोडेल? राक्वेल कागद घेऊन आमच्या मागे.

झुल्मिरा तुंब्यात गरम पाणी ओतत होती. देलमारने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

“झुल्मिरा, म्हणजे... हे घर रिकामं झालं तर... तुम्ही वर आमच्याकडे राहायला... धरणाचा दर्जा...”

झुल्मिराने किटली खाली ठेवली.

“इतकी वर्षं वाट बघितली मी, देलमार. आणि तुम्ही मागणी घालता ती धरणासाठी? मी काय वाटेतलं झुडूप आहे, उपटून बाजूला टाकायला?” तिचे डोळे भरून आले. “जा. भाताला पाणी पाजा तुमच्या.”

 मला भावाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला.

 देलमार राक्वेलकडे वळला.

“पोरी, उच्च लिही. पाणी उद्या सकाळी उतरवतो.”

“काका, नीट विचार करा. निम्मं पीक...”

“लिही म्हणतो ना!”

राक्वेलने लिहिलं. त्याने दात-ओठ खाऊन सही केली आणि टोपी हातातच ठेवून झुल्मिरासमोर गेला.

“आता धरणाचा काही संबंध उरला नाही. तुम्ही घर सोडू नका. मीच इथे खाली येतो राहायला. मला तुम्ही हव्या आहात, झुल्मिरा. लग्न कराल माझ्याशी?”

झुल्मिराने सरळ मनगटाने डोळे पुसले. त्याच्याकडे बघितलंच नाही. राक्वेलला म्हणाली, “बाई, बांधाखाली राहणारी माणसं किती लिहिलीत?”

“एक.”

“दोन करा.”