हात वर होईपर्यंत

तो आवाज कांतानं ऐकला तेव्हा ती सहा वर्षांची होती, बापाच्या खांद्यावर. जलशाचा डफ थांबला आणि मागून एकट्याची झील उठली. नुसती 'जी'. माथ्यावर घार तरंगत राहावी तशी, खाली यायचं नावच घेईना.

"कोण हो बाबा?"

"आपल्या चाळीतला बुधाजी. मिलमध्ये साच्यावर कापड विणतो."

पुढे बाप गेला, चाळीनं धम्माची दीक्षा घेतली, कांता एकोणीस वर्षांची झाली. ती 'जी' मात्र कानातून हलली नाही. बुधाजीमामाला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. आता तोच तिला झील शिकवत होता; उस्तादापुढे असलं बोलायची लाज वाटे.

आता संयुक्त महाराष्ट्राचं कलापथक उभं राहिलं होतं. येत्या रविवारी कामगार मैदानावर सभा. लाऊडस्पीकरचा भरवसा नाही, झील उघड्या गळ्यानंच द्यायची. मामाची अट पहिल्यापासून एकच. कांतानं तिसऱ्या माळ्यावरच्या जिन्याच्या खिडकीतून 'जी' लावायची, तो पटांगणापलीकडे बदामाखाली उभा राहणार. आवाज पोचला की हात वर करणार. हात वर झाला तरच मैदान.

तीन महिने झाले, हात काही वर होईना.

"गळ्यातून नको, पोटातून काढ," मामा म्हणे. पोटावर वरवंटा ठेवून ती श्वास भरी, वरवंटा हलू न देता सोडी. मिलची पहिली पाळी सुटली की पुन्हा खिडकी.

"अगं, वरळीच्या समुद्रातली गलबतं थांबली ऐकायला," शेजारची चंपाकाकू हसे, "आणि ह्या बाबाचा हात काय सांध्यात धरलाय का?"

शनिवारी गळा बसला. पार बसला. मामाला सांगायला कांता खाली आली आणि नळापाशी थबकली. बदाम इथून वीसेक पावलांवर. राहवेना, म्हणून तिनं एकदा तोंड उघडलं. नुसता वारा निघाला. ओठांवर तेवढी 'जी' उमटली.

पलीकडे हात वर झाला.

"पोचला गं, पोरी! उद्या मैदान तुझं!"

आवाज तर निघालाच नव्हता. साचेखात्यातल्या खडखडाटात कोणाला कोणाचं ऐकू जात नाही, माणसं ओठांवरून बोलणं उचलतात, हे चाळीतलं शेंबडं पोरही जाणून होतं. ती पुढे गेली, बदामाला वळसा घालून मामाच्या पाठीशी आली आणि जोरात टाळी वाजवली. बुंध्याशी झोपलेलं कुत्रं दचकून पळालं. मामा समोरच बघत होता. कुत्रं पळालेलं पाहून तो वळला. तिचे जोडलेले तळवे दिसले तसा त्याचा हात हळूहळू खाली आला.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "कानात नुसते साचेच चालू असतात."

गळ्यावर हात ठेवून ती नुसत्या ओठांनी म्हणाली, "गळा पार बसला माझा. मग आधी सांगायचं ना, मामा!"

"पहिल्याच दिवशी छपरावरची कबुतरं उडाली, खिडक्या उघडल्या. तेव्हाच समजलं, पोचला. पण तसं म्हटलं असतं तर तू निघून गेली असतीस मैदानावर. मला तुझा आवाज एकदा ऐकायचा होता गं. एकदाच. आज ओठांवर 'जी' दिसली, उद्या सभा, म्हणून हात वर केला. त्यापायी तुझा गळा बसवला मी, उद्याची सभा घालवली."

कांता रागानं वळली. दोन पावलं गेली. मग परत येऊन त्याच्या अगदी समोर उभी राहिली, उजेडाकडे तोंड करून, ओठ नीट दिसावेत म्हणून.

"तुमचा ऐकलेला आहे तो आवाज, मामा. सहा वर्षांची होते मी, बाबांच्या खांद्यावर. इतके दिवस तुमचीच झील लावत होते."