अण्णांचा पांढरा चहा

चुलीवरून उतरवलेलं पाणी लगेच शांत होत नाही. भांड्याच्या तळाशी काही वेळ एक कुजबुज चालू राहते, मग ती विरळ होते, मग थांबते. आणि त्या थांबण्याकडे मान किंचित कलती करून कान देणारे अण्णा मला अजून दिसतात. हिवाळ्याची सकाळ असे. माधवगंजातल्या आमच्या घरामागच्या ओसरीवर ऊन अजून भिंतीच्या वरच्या अंगालाच रेंगाळत असे, आणि त्याखालच्या निळसर सावलीत, खांद्यावर धुस्सा घेऊन, माझे वडील पाणी गप्प होण्याची वाट पाहत बसलेले असत. बोलत्या पाण्यात पांढरा चहा होरपळतो, असं ते म्हणत.

पांढरा म्हणजे दुधाचा नव्हे. चहाच्या झुडपाच्या न उमललेल्या कळ्या, नुसत्या वाळवलेल्या, अंगावर चंदेरी लव असलेल्या. तो डबा घरात आला तेव्हा आईला ती लव बुरशी वाटली आणि तिने सगळा चहा तुरीच्या डाळीसारखा गच्चीवर उन्हात पसरला. "बुरसटलेल्या वस्तू वाटतात का तुमचे दरबारचे लोक? त्यापेक्षा एखादं ताट-वाटी तरी आणायचं!" अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. संध्याकाळपर्यंत गच्चीवर बसून एकेक कळी वेचत त्यांनी डबा पुन्हा भरला.

ते दरबारच्या मेहमानखान्यात आबदार होते. पाहुण्यांच्या पाण्यापासून सरबतापर्यंत जे जे कुणाच्या ओठाला लागायचं, ते आधी अण्णांच्या नाकाखालून जात असे. दख्खनहून फौजेबरोबर आलेल्या आमच्या घराण्यात तलवारीनंतर उरलेली ती चाकरी होती. संस्थान विलीन झालं, मेहमानखान्यात दफ्तरांची कपाटं आली, कोठीतलं उरलंसुरलं सामान वाटलं गेलं आणि त्यांच्या वाट्याला तो डबा आला. पुढे राज्याचीच पुन्हा नव्याने आखणी झाली, राजधानी भोपाळला गेली. आमच्या गल्लीतून ट्रंका आणि वळकट्या लादलेले टांगे पडावच्या दिशेने, स्टेशनाकडे जाऊ लागले. भोपाळच्या नव्या अतिथिगृहात आपल्यालाही बोलावतील, ही अण्णांची आशा होती. ती एकच होती, कारण दुसरं कुठलंच काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं.

आणि अण्णांना वास येत नव्हता.

मेहमानखान्यातली चाकरी सुटल्यानंतरच्या एका तापातून ते उठले ते तसेच. मला कळलं तेव्हा आई देवळात गेली होती. शेगडीवरचं दूध करपून घरभर धूर झाला होता आणि शेगडीशेजारी बसलेले अण्णा शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते. मी भांडं उतरवलं. त्यांनी आधी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बेबी, आईला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांचं नाक झाले. मी नन्सच्या शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी. माझ्या मनात आधी इंग्रजी शब्द येत, मग बाजारातले हिंदी, आणि मराठी सगळ्यात शेवटी, संकोचत. पण अण्णा वाफेवर वाकत, सवयीने डोळे मिटत आणि कप माझ्याकडे सरकवून विचारत, "काय आहे गं?" मग मला शोधावंच लागे. गप्प पाण्यातून लगेच गाळलेल्या चहाला, खरबूज खाताना सालीजवळ जो फिका गर उरतो, त्याचा वास होता. पाणी जरा गरम ठेवून कळ्या अधिक वेळ राहू दिल्या की उन्हात वाळलेल्या गवताचा वास येई आणि मागून किंचित मध. कधी ते कळ्या कोमट पाण्याने नुसत्या भिजवून ते पाणी टाकून देत आणि दुसऱ्या पाण्याचा चहा करत. त्याला कपाटातल्या मलमलीचा वास असे. उन्हाळ्यात सुरईच्या गार पाण्यात कळ्या रात्रभर ठेवत. त्या चहाला जवळजवळ काहीच वास नव्हता, फक्त ओल्या मातीची एक आठवण. तसं मी सांगितलं तेव्हा अण्णांनी त्या कपात पाहिलं. "म्हणजे मला येतो तेवढाच," असं म्हणून हसले.

माझे शब्द ते पाठ करत. ओसरीवर फेऱ्या मारताना त्यांचे ओठ हलत, आणि आई म्हणे, "काय पुटपुटता? जप करायचाय तर रामाचा करा."

भोपाळचे एक साहेब काही कामासाठी आले, पडावजवळच्या हॉटेलात उतरले, आणि अण्णांनी त्यांना चहाला बोलावलं. नव्या अतिथिगृहात माणसं नेमण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आईने सकाळपासून चूल चिरोट्यांसाठी अडवून ठेवली होती, म्हणून पाण्यासाठी अण्णांनी स्टोव्ह काढला, स्वतः भरला, स्वतः पेटवला. पाणी गप्प होईपर्यंत ते नेहमीसारखे थांबले. मग डब्यातून चिमटीने कळ्या घेतल्या. दरबारात चमचा वापरत नसत, कळी मोडते म्हणून.

मी ट्रे घेऊन बैठकीच्या दारापर्यंत आले आणि मला वास आला. पण तोवर अण्णांनी पुढे होऊन ट्रे घेतला होता, कप साहेबांसमोर ठेवला होता आणि ते बोलत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं सुंदर बोलताना ऐकलं नव्हतं. "हुज़ूर, ज़रा ग़ौर कीजिए. खरबूज़े में छिलके के पास जो फीका गूदा रहता है ना, बस वही ख़ुशबू."

साहेबांनी कप नाकाजवळ नेला. ते थांबले. त्यांनी अण्णांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. नंतर त्यांनी तो चहा प्यायला सुरुवात केली, घोट घोट करत, अगदी शेवटपर्यंत. "वाह, आबदार साहब. बहुत नफ़ीस." रिकामा कप त्यांनी इतक्या हलकेच बशीत ठेवला की आवाजही झाला नाही. माणूस नेमायला आलेल्याने कप परत केला असता; त्यांनी तो दयेपोटी संपवला, म्हणजे अण्णांना नेमायचं नाही हे ठरलं होतं.

ते गेल्यावर अण्णांनी विचारलं, "आज काय होता गं?"

मी रिकामी कपबशी उचलली. अण्णा माझा चेहरा पाहत होते. हळूच त्यांनी आपली बोटं नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ तिथेच धरून ठेवली, अंधारात अक्षर लागतंय का पाहावं तशी.

"घासलेट?"

"हो."

"आणि त्यांनी पुरा प्यायला."

"हो, अण्णा."

"भला माणूस," ते म्हणाले. भोपाळहून कुणी बोलावणार नाही, हे त्यानंतर आमच्यात बोलायचं उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा आईच्या हाती दिला. आईने पातेल्यात मूठभर कळ्या, दूध, साखर आणि ठेचलेलं अदरक घालून खळखळ उकळी फोडली. "बघा, आता कुठे चहा वाटतोय! नुसतं गरम पाणी पीत होते बापलेक." अण्णांनी घोट घेतला. अदरक जिभेला झोंबलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "छान झालाय," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा आपल्या चहाचं कौतुक झालं, म्हणून आई दिवसभर खुशीत होती. डबा संपेपर्यंत ती तो तसाच करत राहिली.

आता अण्णा नाहीत. मागच्या ओसरीवर ऊन त्याच भिंतीवरून उतरतं, आणि कुठलाही कप उचलला की माझ्या मनात, न बोलावता, नेमके मराठी शब्द येऊन उभे राहतात. पाणी गप्प होतं. गेलेल्या दिवसांवर मी वाकते, जसे अण्णा त्यांना न येणाऱ्या वासावर वाकत. सगळं सांगता येईल इतके शब्द आता माझ्याजवळ आहेत, आणि 'काय आहे गं?' असं विचारणारं कुणी नाही.